विश्लेषण : मुलांना निर्णय घ्यायला शाळेत कोण शिकवणार? वर्ध्याचा जुना धडा आणि नव्या पुस्तकांची संधी

वर्धा जिल्ह्यातील देवळी तालुक्यात नाचणगाव आणि पुलगाव एकमेकांना खेटून आहेत. पुलगावचा कारभार नगर परिषद पाहते, तर नाचणगावचा ग्रामपंचायत. एकीकडे नगराध्यक्ष आणि मुख्याधिकारी, दुसरीकडे सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकारी. सहावीच्या नागरिकशास्त्रात ग्रामीण आणि शहरी स्थानिक शासन संस्था असे दोन स्वतंत्र धडे आहेत. नाचणगावच्या मुलांना हे दोन्ही धडे पायी फिरून पाहता येतात. परीक्षेत मात्र त्यांना सहसा विचारले जाते ते ग्रामसभेचे अध्यक्ष कोण असतात, ग्रामपंचायतीची मुदत किती वर्षांची असते, एवढेच. पैसे मोजकेच असतील तर आधी नाली बांधायची की पथदिवे लावायचे, हे ठरवायचे कसे, हा प्रश्न पुस्तकाच्या बाहेरच राहतो. राज्यात इयत्तानिहाय नवा अभ्यासक्रम लागू होत असताना हा प्रश्न विचारण्याची वेळ आली आहे. लहान मुलांना निर्णय घ्यायला शिकवता येते का? सामाजिक शास्त्रांचा त्यात काय वाटा? आणि याच जिल्ह्यात नव्वद वर्षांपूर्वी जे करून पाहिले गेले, त्यातून आज काय घेता येईल?

हा विषय आताच का?

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ची शालेय स्तरावरील अंमलबजावणी राज्यात टप्प्याटप्प्याने सुरू आहे. १६ एप्रिल २०२५ च्या शासन निर्णयातील वेळापत्रकानुसार २०२५-२६ मध्ये पहिली, २०२६-२७ मध्ये दुसरी, तिसरी, चौथी आणि सहावी, तर त्यानंतरच्या दोन वर्षांत उरलेल्या इयत्ता असा क्रम ठरला. या निर्णयातील तिसऱ्या भाषेच्या तरतुदीवरून मोठा वाद झाला आणि त्या संदर्भातील शासन निर्णय २९ जून २०२५ रोजी मागे घेण्यात आले. भाषेचा मुद्दा महत्त्वाचा होताच. पण त्या गदारोळात बाकीच्या विषयांत काय बदलणार, याची चर्चा जवळपास झालीच नाही.

या वेळापत्रकातील तिसरी आणि सहावी या दोन इयत्ता सामाजिक शास्त्रांच्या दृष्टीने कळीच्या आहेत. राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा २०२३ नुसार तिसरीपासून 'आपल्या भोवतालचे जग' हा विषय सुरू होतो. आपल्याकडे याच वयोगटासाठी 'परिसर अभ्यास' आहे. सहावीपासून सामाजिक शास्त्रे हा स्वतंत्र विषय होतो. शैक्षणिक धोरणात एक स्पष्ट अपेक्षा नोंदवलेली आहे : योग्य ते करण्याचे महत्त्व मुलांना लहान वयातच शिकवावे आणि नैतिक निर्णय घेण्यासाठी त्यांना विचारांची तर्कशुद्ध चौकट द्यावी. धोरणातील हे वाक्य वर्गात उतरणार का, हे बऱ्याच अंशी नव्या पुस्तकांतील स्वाध्याय आणि प्रश्नपत्रिकांवर ठरेल.

निर्णयक्षमता म्हणजे नेमके काय?

'तुला लाल पेन हवे की निळे?' असे विचारणे म्हणजे निवड करायला सांगणे. निर्णयात त्याहून अधिक काही असते. पर्याय कोणते, प्रत्येकाची किंमत काय, कोणाला फायदा आणि कोणाला तोटा, हाताशी असलेली माहिती पुरेशी आहे का, आणि परिणाम चुकीचा निघाला तर पुढे काय, एवढा विचार करून एखादी गोष्ट ठरवणे म्हणजे निर्णय. जागतिक आरोग्य संघटनेने १९९० च्या दशकात जी दहा मूलभूत जीवनकौशल्ये सांगितली, त्यांत निर्णयक्षमता आहे. समस्या सोडवणे, चिकित्सक विचार आणि समानुभूती हीदेखील त्याच यादीत आहेत. ही कौशल्ये सुटी सुटी येत नाहीत. दुसऱ्याच्या जागी स्वतःला ठेवून पाहता आले नाही, तर सर्वांसाठीचा निर्णय नीट होत नाही.

अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ शर्ली एंगल यांनी १९६० मध्ये लिहिलेल्या एका गाजलेल्या लेखात, निर्णय घेणे हाच सामाजिक अध्ययनाच्या शिकवणीचा गाभा असल्याची मांडणी केली. तेथील सामाजिक अध्ययनाच्या राष्ट्रीय परिषदेने १९९२ मध्ये केलेल्या व्याख्येतही हीच दिशा दिसते. विविधतेने नटलेल्या लोकशाही समाजात सार्वजनिक हितासाठी माहितीच्या आधारे, विचारपूर्वक निर्णय घेण्याची क्षमता मुलांत यावी, हा विषयाचा मुख्य हेतू मानला गेला. थोडक्यात, सनावळी आणि नकाशे हे साधन आणि ठरवता येणे हे साध्य.

गणित-विज्ञानातून हे येत नाही का?

काही प्रमाणात येते. पण शाळेतल्या गणिताला बहुतेक वेळा एकच बरोबर उत्तर असते. गावातल्या प्रश्नांना तसे नसते. नाली की पथदिवे, या प्रश्नात दोन्ही बाजू बरोबर असू शकतात. ज्याच्या दारासमोर सांडपाणी साचते त्याला नाली हवी, जिला अंधारातून शिकवणीहून परतायचे असते तिला दिवा हवा. अशा वेळी आकडे लागतात, तसेच दुसऱ्याचे ऐकून घेणेही लागते. सामाजिक शास्त्रांचा प्रांत तो हाच.

इतिहासही निर्णयांच्या रूपाने शिकवता येतो. चौथीच्या मुलांना पुरंदरचा तह माहीत असतो. जून १६६५ मध्ये झालेल्या या तहात शिवाजी महाराजांनी २३ किल्ले मोगलांना दिले आणि १२ किल्ले स्वतःकडे ठेवले. स्वाध्यायात हा आकडा 'रिकाम्या जागा भरा' मध्ये येतो. तोच प्रसंग असाही विचारता येईल : मिर्झाराजे जयसिंगांची फौज दारात आहे, पुरंदरला वेढा आहे, दिलेरखानाचा हल्ला सुरू आहे, मुलुखाची नासधूस होते आहे. महाराजांपुढे कोणते पर्याय होते? लढत राहिले असते तर काय गमावले असते? तह केल्यावर हाताशी काय उरले? १६७० पासून यांतले अनेक किल्ले परत जिंकले गेले, हे आज आपल्याला ठाऊक आहे. पण १६६५ मध्ये ते कोणालाही ठाऊक नव्हते. निर्णय घेताना पुढचे माहीत नसते, ही गोष्ट दहा वर्षांच्या मुलाला इतक्या सोप्या पद्धतीने दुसरा कोणता विषय क्वचितच सांगू शकेल.

सध्याच्या पुस्तकांत काय कमी आहे?

मजकुराची फारशी उणीव नाही. बालभारतीच्या पुस्तकांत 'चर्चा करा', 'करून पहा', 'माहिती मिळवा' अशा चौकटी आहेत. सहावीत स्थानिक शासन आणि जिल्हा प्रशासन, सातवीत संविधान, आठवीत संसदीय शासनपद्धती, असा क्रमही नीट आहे. अडचण अशी की निर्णय कोण घेते हे पुस्तक सांगते, तो कसा घ्यायचा याचा सराव मात्र मुलाला मिळत नाही. पोहण्याच्या पुस्तकात तलावाची लांबी-रुंदी पाठ करून घ्यावी आणि पाण्यात उतरूच देऊ नये, तसे काहीसे.

शिवाय चौकटीतल्या उपक्रमांना गुण नसतात किंवा नावापुरते असतात. वेळ कमी पडला की पहिली कात्री त्यांनाच लागते. डिसेंबर २०२४ मध्ये झालेल्या 'परख' राष्ट्रीय सर्वेक्षणात सहावीच्या मुलांची परिसरविषयक अभ्यासातील देशाची सरासरी ४९ टक्के, तर नववीच्या मुलांची सामाजिक शास्त्रांतील सरासरी ४० टक्के होती. म्हणजे पाठांतरावर भर देऊन पाठांतराचे गुण तरी भरपूर मिळतात, असेही चित्र नाही.

वर्ध्यात काय झाले होते?

२२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ रोजी वर्ध्यात महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद झाली. त्यातून डॉ. झाकीर हुसेन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. मातृभाषेतून सात वर्षांचे मोफत आणि सक्तीचे शिक्षण, तेही एखाद्या उत्पादक हस्तोद्योगाभोवती गुंफलेले, अशी ही 'वर्धा योजना' किंवा 'नई तालीम'. सूतकताई आणि चरखा यांमुळे ती लक्षात राहिली. तिची दुसरी बाजू कमी सांगितली जाते. समितीच्या अभ्यासक्रमात इतिहास, भूगोल आणि नागरिकशास्त्र हे सुटे विषय नव्हते. ते एकत्र करून 'सामाजिक अध्ययन' हा एकच विषय केला होता आणि भोवतालचे जीवन, चालू घडामोडी आणि गावाचा कारभार यांच्याशी तो जोडलेला होता.

१९३८ मध्ये हिंदुस्थानी तालीमी संघ स्थापन झाला. ई. डब्ल्यू. आर्यनायकम् आणि आशादेवी आर्यनायकम् यांनी सेवाग्राममध्ये, म्हणजे नाचणगावच्या शेजारच्या तालुक्यात, हे काम उभे केले. तेथील शाळेत मुलांची आमसभा भरत असे. स्वच्छता, स्वयंपाक, पाणी अशा कामांसाठी मुले आपले 'मंत्री' निवडत आणि मंत्री आपल्या कामाचा हिशेब आमसभेपुढे ठेवत. स्वयंपाकघराचे पैसे आणि आहाराची गरज यांचा मेळ घालून काय शिजवायचे, हे मोठी मुले ठरवत. म्हणजे चुकीचा निर्णय झाला तर तो ताटातच दिसायचा. मुलांच्या हातात खरा निर्णय होता, त्याला मर्यादाही खऱ्या होत्या आणि परिणामही खरे होते. या तीन गोष्टी एकत्र आल्या म्हणूनच त्या सरावाला अर्थ होता.

पुढे नई तालीम देशभर रुजली नाही. श्रम आणि शिक्षण यांची सांगड अनेक पालकांना दुय्यम दर्जाच्या शिक्षणासारखी वाटली, सरकारी शाळांत ती बऱ्याचदा टकळी फिरवण्यापुरती उरली आणि सेवाग्रामची शाळाही कालांतराने बंद पडली. २००५ मध्ये 'आनंद निकेतन' या नावाने ती पुन्हा सुरू झाली. आज तेथे शेती, स्वयंपाक आणि वस्त्रविद्येच्या कामांतून विषय शिकवले जातात. त्यामुळे हा प्रयोग फक्त इतिहासजमा म्हणता येत नाही.

नाचणगावच्या वर्गात हे कसे करता येईल?

यासाठी वेगळे पुस्तक, टॅब किंवा मोठा निधी लागत नाही. परिसरातील चार उदाहरणे पाहू.

तिसरी : परसबाग. अनेक जिल्हा परिषद शाळांत शालेय पोषण आहारासाठी परसबाग केली जाते. वाफे चार आणि भाज्या सात असतील, तर कोणत्या लावायच्या? पालक लवकर येतो, वांग्याला वेळ लागतो, दोडक्याला मांडव लागतो. उन्हाळ्याच्या सुट्टीत पाणी कोण घालणार? मुलांनी ठरवावे, फळ्यावर कारणे लिहावीत आणि दोन महिन्यांनी ठरवलेले आणि उगवलेले ताडून पाहावे.

चौथी : शाळेची वाट. घरापासून शाळेपर्यंतचा नकाशा प्रत्येकाने काढायचा. जवळची वाट मोठ्या रस्त्यावरून जात असेल आणि लांबची गल्लीतून, तर कोणती बरी? पावसाळ्यात उत्तर बदलते का? सायकलवाल्याचे आणि लहान भावाचे बोट धरून येणाऱ्या मुलीचे उत्तर सारखेच असेल का? नकाशावाचन हा भूगोलाचा भाग आपोआप होऊन जातो.

पाचवी : घरचा कापूस. देवळी तालुका कापूस, सोयाबीन आणि तुरीचा. कापूस खासगी व्यापाऱ्याला लगेच द्यायचा की भारतीय कापूस महामंडळाच्या, म्हणजे सीसीआयच्या केंद्रावर नंबर लागेपर्यंत थांबायचे, हा निर्णय अनेक घरांत दरवर्षी होतो. २०२५-२६ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये आणि मध्यम धाग्याचा ७,७१० रुपये होता. पण केंद्रावर ओलावा मोजला जातो. आठ टक्क्यांपेक्षा जास्त निघाला तर भाव कापला जातो आणि बारा टक्क्यांवर गेला तर माल घेतला जात नाही. भाव जास्त, पण थांबावे लागणार. हातात पैसे आज हवेत, कारण दुकानदाराची उधारी आहे. मुलांना दोन्ही बाजूंचा हिशेब मांडायला सांगितला, तर शेतकरी 'कमी भावात का विकतो' याचे उत्तर त्यांना भाषणाशिवाय कळेल. अर्थात हे करताना कोणाच्या घरची उधारी किती, हे वर्गात विचारायचे नाही. काल्पनिक शेतकरी आणि खरे आकडे घ्यायचे.

सहावी : दोन कार्यालये. एकाच वर्गाचे दोन गट करायचे. एकाने नाचणगाव ग्रामपंचायतीत जायचे, दुसऱ्याने पुलगाव नगर परिषदेत. प्रश्न एकच : गावातील कचऱ्याचा निर्णय तुमच्याकडे कसा होतो, पैसे कुठून येतात आणि नागरिकाला तक्रार करायची तर कुठे करायची? परत आल्यावर दोन्ही उत्तरे शेजारी मांडायची. ग्रामपंचायतीत सर्व मतदारांची ग्रामसभा असते, ती वर्षातून किमान चार वेळा घ्यावी लागते. नगर परिषदेत अशी सर्व नागरिकांची सभा नसते, तेथे नगरसेवक ठरवतात. मग कोणत्या पद्धतीत सामान्य माणसाचे म्हणणे लवकर पोहोचते? याचे तयार उत्तर पुस्तकात नाही, म्हणूनच हा प्रश्न चांगला.

चारही उदाहरणांत पायऱ्या सारख्याच आहेत. पर्याय मांडा, माहिती गोळा करा, कोणावर काय परिणाम होईल ते पाहा, ठरवा आणि काही दिवसांनी मागे वळून तपासा. शेवटची पायरी बहुतेक ठिकाणी गळते. खरे तर शिकणे तिथेच होते.

याचा उपयोग होतो, याला काही पुरावा?

अमेरिकेतील मिशिगन राज्यात नेल ड्यूक आणि सहकाऱ्यांनी केलेला अभ्यास इथे उपयोगी आहे. दुसरीच्या, म्हणजे सात-आठ वर्षांच्या मुलांना सामाजिक अध्ययन प्रकल्पांतून शिकवण्यात आले. ४८ शिक्षकांचे वर्ग चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गटांत विभागले होते. शाळा गरीब वस्त्यांतील होत्या. एका प्रकल्पात मुलांनी जवळच्या सार्वजनिक बागेत काय सुधारायचे ते ठरवून स्थानिक प्रशासनापुढे प्रस्ताव मांडायचा होता. वर्षअखेरीस प्रकल्प गटातील मुलांची सामाजिक अध्ययनातील प्रगती दुसऱ्या गटापेक्षा ६३ टक्क्यांनी, तर माहितीपर वाचनातील प्रगती २३ टक्क्यांनी अधिक आढळली. २०२१ मध्ये हा अभ्यास प्रसिद्ध झाला.

मात्र त्याच अभ्यासात लेखन आणि शिकण्याची ओढ यांत ठळक फरक दिसला नाही. ज्या शिक्षकांनी आराखडा नीट पाळला, त्यांच्या वर्गांत प्रगती जास्त दिसली. म्हणजे 'उपक्रम केला' एवढे पुरत नाही, तो कसा केला यावर सारे अवलंबून असते. मिशिगनचे आकडे जसेच्या तसे विदर्भाला लावता येणार नाहीत. पण 'एवढ्या लहान मुलांना काय कळते?' या आक्षेपाला त्यातून उत्तर मिळते.

आपल्याकडे मूल्यशिक्षणाचा मोठा प्रयोग म्हणजे शांतिलाल मुथ्था फाउंडेशनचा 'मूल्यवर्धन' कार्यक्रम. २००९ मध्ये बीड जिल्ह्यातून सुरू झालेला हा उपक्रम पुढे राज्यातील जिल्हा परिषद शाळांपर्यंत पोहोचला. संविधानातील मूल्ये गटकार्य, खेळ आणि चर्चेतून रुजवणे हा त्याचा गाभा. त्यामुळे गटात बसून ठरवणे ही पद्धत राज्यातील अनेक शिक्षकांना नवी नाही.

बहुमत झाले म्हणजे निर्णय झाला का?

वर्गात निर्णय म्हटले की पटकन हात वर करायला सांगितले जातात. चाळीस मुलांत सव्वीस हात वर झाले की विषय संपतो. पण उरलेल्या चौदांचे काय? विदर्भातच याचे वेगळे उदाहरण आहे. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा-लेखा गावात ग्रामसभेचे निर्णय बहुमताने होत नाहीत. सर्वांची सहमती होईपर्यंत चर्चा चालते. निर्णयाआधी विषय समजून घेण्यासाठी अभ्यासगट बसतात. सामूहिक वनहक्क मिळवणाऱ्या देशातील पहिल्या गावांपैकी हे एक. सहमतीला वेळ लागतो, पण निर्णय पाळला जाण्याची शक्यता वाढते.

अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजारचे उदाहरण दुसऱ्या टोकाचे आहे. तेथे ग्रामसभेने शेतीसाठी बोअरवेल आणि उसासारखी जास्त पाणी पिणारी पिके नको, असे ठरवले. पावसानुसार पाण्याचा ताळेबंद मांडून पिके ठरवली जातात. इथे प्रत्येकाने आपला थोडा फायदा सोडला म्हणून सगळ्यांचे पाणी टिकले. मतदान, सहमती आणि स्वतःवर घालून घेतलेले बंधन हे निर्णयाचे तीन वेगळे मार्ग आहेत. कोणत्या प्रश्नाला कोणता मार्ग योग्य, हे ओळखणे हाही शिकण्याचाच भाग.

दुसरा धोका वर्गातल्या वर्गातच असतो. मोठ्याने बोलणारा मुलगा ठरवतो आणि बाकीचे मान डोलावतात. मुली, नव्याने आलेली स्थलांतरित मजुरांची मुले, मागच्या बाकावर बसणारी मुले गप्प राहतात. मोठ्यांच्या ग्रामसभेतही हेच होते, म्हणून महाराष्ट्रात ग्रामसभेआधी महिलांची स्वतंत्र सभा घेण्याची तरतूद करावी लागली. वर्गात यासाठी साधे उपाय आहेत : आधी प्रत्येकाने आपले मत चिठ्ठीवर लिहायचे, मग बोलायचे, गटप्रमुख दर आठवड्याला बदलायचा, ज्याला निर्णय पटला नाही त्याचे कारणही फळ्यावर लिहायचे.

आणि सगळेच मुलांनी ठरवायचे नसते. शाळा सोडायची की नाही, कोणासोबत बसायचे नाही, कोणाला शिक्षा करायची, असे विषय मतदानाला ठेवता येत नाहीत. सुरक्षितता, समानता आणि प्रत्येकाचा सन्मान या गोष्टी बहुमताच्या वर आहेत. संविधानातील मूलभूत हक्कांचा अर्थही तोच.

कायदा मुलांचे ऐकतो का?

कागदावर तरी ऐकतो. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क संहितेच्या बाराव्या कलमानुसार, स्वतःशी संबंधित बाबींत मत मांडण्याचा आणि वय व समज पाहून त्या मताला महत्त्व मिळण्याचा हक्क मुलांना आहे. भारताने ही संहिता १९९२ मध्ये स्वीकारली. शिक्षण हक्क कायद्यानुसार प्रत्येक सरकारी आणि अनुदानित शाळेत व्यवस्थापन समिती असते. तिच्यात तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. महाराष्ट्रात तिच्यात विद्यार्थ्यांचे प्रतिनिधी घेण्याचीही तरतूद आहे.

ग्रामपंचायतींसाठी केंद्राने ठरवलेल्या शाश्वत विकासाच्या नऊ संकल्पनांत 'बालस्नेही गाव' ही एक आहे आणि तिच्यात बालसभेवर भर आहे. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातील १० टक्के रक्कम महिला व बालकल्याणावर खर्च करावी, असेही बंधन आहे. म्हणजे मुलांनी सुचवलेल्या छोट्या कामासाठी पैशाची वाट पूर्ण बंद नाही. पण बालसभा ही बॅनर, फोटो आणि इतिवृत्तावर सह्या यांत संपली, तर मुले त्यातून एक वेगळाच धडा शिकतात : आपण बोललो तरी काही होत नाही. निर्णयक्षमतेच्या शिक्षणात यापेक्षा घातक काही नाही. म्हणून बालसभेत दहा ठराव घेण्यापेक्षा एकच घ्यावा. तो मंजूर झाला तर कधीपर्यंत होईल आणि नाकारला तर का, हे पुढच्या सभेत सरपंचांनी मुलांना सांगावे. नकार मिळाला तरी चालेल, उत्तर मिळायला हवे.

अडचणी कोणत्या?

पहिली अडचण वेळेची. निवडणूक कामे, सर्वेक्षणे, ऑनलाइन माहिती भरणे यांत शिक्षकांचे तास जातात. कमी पटाच्या शाळांत एका शिक्षकाकडे दोन-तीन वर्ग असतात. यावर एक उपाय आधीच उपलब्ध आहे : पहिली ते आठवीसाठी राज्याने सुरू केलेला 'आनंददायी शनिवार'. परसबागेचा किंवा शाळेच्या वाटेचा उपक्रम त्या वेळेत बसतो. शिवाय वेगवेगळ्या इयत्तांची मुले एकत्र असणे हा अशा उपक्रमांत अडथळा ठरत नाही.

दुसरी अडचण मूल्यमापनाची. मुलाने 'बरोबर' निर्णय घेतला का, याला गुण देता येत नाहीत. पण कारणे किती मांडली, विरोधी बाजू समजून घेतली का, माहिती कुठून आणली, नंतर मत बदलले असेल तर का, याला देता येतात. प्रश्नपत्रिकेत दर घटकाला असा एक जरी प्रश्न आला, तरी वर्गातील शिकवणी बदलेल. आपल्याकडे शिकवण्याला दिशा धोरणापेक्षा प्रश्नपत्रिकाच देते, हे प्रत्येक शिक्षक जाणतो.

तिसरी अडचण घरची. 'मुलांनी उलट प्रश्न विचारू नयेत' असे वाटणारी घरे आहेत, तशीच 'याचे मार्क किती?' असे विचारणारीही आहेत. पण तेरा-चौदाव्या वर्षी हातात मोबाइल येतो तेव्हा कोणती लिंक उघडायची, कोणता मेसेज पुढे पाठवायचा, कोणाला पैसे द्यायचे, हे मूल एकटेच ठरवत असते. तोवर त्याने एकही निर्णय कारणे देऊन घेतलेला नसेल, तर उपदेशाचा उपयोग होत नाही.

पुढे काय पाहायचे?

नवी पुस्तके शाळेत येतील तेव्हा मुखपृष्ठ आणि वगळलेल्या-घातलेल्या धड्यांवर चर्चा होईलच. त्याबरोबर पालकांनी आणि शिक्षकांनी आणखी तीन गोष्टी तपासून पाहाव्यात. तिसरी-चौथीच्या परिसर अभ्यासातील स्वाध्यायांत, एकापेक्षा अधिक योग्य उत्तरे असू शकतील असे प्रश्न किती आहेत? सहावीच्या सामाजिक शास्त्रांत मुलाला स्वतःच्या गावात जाऊन माहिती आणावी लागेल असे उपक्रम आहेत का आणि त्यांना गुण आहेत का? आणि शिक्षक प्रशिक्षणात हे उपक्रम प्रत्यक्ष करून दाखवले जातात, की फक्त स्लाइडवर दाखवले जातात?

गावपातळीवर तर याची वाटही पाहावी लागत नाही. शाळा व्यवस्थापन समितीच्या पुढच्या बैठकीत एक छोटा निर्णय मुलांवर सोपवता येईल. वाचनाच्या तासाला कोणती पुस्तके आणायची, मैदानाचा कोणता कोपरा लहान मुलांसाठी राखायचा, परसबागेत काय लावायचे, यांपैकी कोणताही. नाचणगावात आज सहावीत असलेली मुले सहा-सात वर्षांत मतदार होतील. त्या वेळी ग्रामसभेला गणपूर्तीसाठी १५ टक्के मतदार किंवा शंभर जण, यांपैकी जी संख्या कमी असेल तेवढे लागतात, हा नियम त्यांना पाठ असेल. सभेला जाऊन काय बोलायचे, हे ठाऊक असेल की नाही, ते आता शाळेत ठरते आहे.